लाडवाचा डबा विमानात नेताना

 

प्रवास ठरला की आपल्याला आधी काय सुचतं? डबा. एसटीनं पंढरपूरला जायचं असू दे नाहीतर रेल्वेनं मुंबईला, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि पोरांसाठी गोळ्या-बिस्किटं घेतल्याशिवाय आपला पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. एसटीत आपल्या डब्यात काय आहे हे कुणी विचारत नाही. विमानात मात्र विचारतात. आणि परदेशात तर त्या डब्यावरून माणूस अडचणीतही येऊ शकतो. म्हणून आजचा विषय आहे विमानप्रवासातला खाऊ. काय न्यायचं, कुठल्या पिशवीत ठेवायचं, आणि कुठल्या देशाला काय अजिबात पाठवायचं नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय विमानाचं? आम्हीपण तसंच म्हणायचो. आपलं उजळाईवाडीचं विमानतळ तसं जुनं, 1939 सालचं, छत्रपती राजाराम महाराजांच्या वेळचं. पण विमानात बसायचं ते मोठ्या लोकांनी, आपण रानातून मान वर करून बघायचं, अशीच रीत होती. 2018 पासून उडान योजनेतली विमानं सुरू झाली, मार्च 2024 मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, आणि आता आपल्या गावागावांतली माणसं विमानानं जायला लागली आहेत. कुणाची लेक हैदराबादला आहे, कुणाचा मुलगा बेंगळुरूला, कुणाचा भाऊ दुबईला ड्रायव्हर आहे. आपण गेलो नाही तरी आपला डबा जातोच.

आमची पहिली फेरी

आमच्या गटानं पैसे साठवून तिरुपतीचं दर्शन ठरवलं. जाताना हैदराबादपर्यंत विमान, पुढं रेल्वे, असं नियोजन होतं. आम्ही अकरा जणी. आदल्या रात्री प्रत्येकीच्या घरात कढई चढली होती.

विमानात सामान दोन प्रकारचं असतं, हे आम्हाला तिथं गेल्यावर नीट कळलं. एक मोठी बॅग. ती काउंटरवर द्यायची, ती विमानाच्या पोटात जाते आणि उतरल्यावर मिळते. दुसरी हातातली पिशवी. ती आपल्याजवळ राहते. देशातल्या बहुतेक विमानांत मोठ्या बॅगेला 15 किलो आणि हातातल्या पिशवीला 7 किलोची मर्यादा असते. पण तिकिटावर लिहिलेलं असतं ते खरं, ते आधी वाचून घ्यायचं.

आम्ही कपडे मोठ्या बॅगेत भरले आणि खाण्याचं सगळं हातात ठेवलं. वाटेत भूक लागली तर हाताशी असावं, एवढाच विचार. मोठ्या बॅगा गेल्या, आणि मग आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभ्या राहिलो. तिथं आमच्या अकरापैकी चार पिशव्या बाजूला निघाल्या.

पहिली पिशवी काकींची. त्यात स्टीलच्या डब्यात अर्धा किलो कांदा-लसूण चटणी. दुसरीत अंबाबाईच्या ओटीचा नारळ, बालाजीला वाहायला घेतलेला. तिसरीत गुळाची एक किलोची ढेप आणि काकवीची बाटली. चौथीत मसाल्यासाठी घेतलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, बहिणीला द्यायच्या म्हणून.

तपासणीच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मावशी, गूळ घेऊन जा. बाकीचं राहू दे." काकींचा जीव चटणीत अडकला. पण मोठ्या बॅगा तर गेलेल्या. सोडायला आलेला पुतण्या केव्हाच गाडी वळवून निघून गेलेला. चटणी, नारळ, खोबरं, काकवी, सगळं तिथंच ठेवून आम्ही विमानात बसलो. काकी हैदराबादपर्यंत बोलल्या नाहीत.

त्या बाईंची चूक नव्हती, आमचीच होती. परत आल्यावर आम्ही एकेका वस्तूची चौकशी केली. ती तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमची चटणी मागं राहायची नाही.

काय अडतं आणि का अडतं

तिखटापासून सुरू करू. मिरचीपूड, चटणी, तिखट मसाला हातातल्या पिशवीत चालत नाही. कारण सोपं आहे. मूठभर तिखट कुणाच्या डोळ्यांत फेकलं तर काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मिरचीचं लोणचंही याच कारणानं अडतं. हेच सगळं घट्ट बांधून मोठ्या बॅगेत ठेवलं तर जातं.

सुकं खोबरं. याचं आम्हाला सगळ्यांत नवल वाटलं. खोबऱ्यानं काय कुणाला इजा होणार? पण खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. थोडी ओल राहिली, हवा कोंडली, की ते आतल्या आत तापतं. कारखान्याच्या आवारात बगॅसचा ढीग आतून कसा तापतो, ओली गंजी कशी वाफाळते, हे आपण बघितलेलं आहे. तसंच हे. जगभरच्या विमानवाहतुकीच्या नियमांत सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या यादीत आहे. मोठ्या बॅगेतही ते चालत नाही. म्हणून खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवायच्या. मसाला करून न्या, खोबरं नेऊ नका. चिवड्यातल्या तळलेल्या कापांना मात्र आम्हाला कुणी हटकलं नाही.

ओटीचा नारळ. हातातल्या पिशवीत आपल्याकडं नारळ नेऊ देत नाहीत. 2024 च्या ऑक्टोबरपासून 20 जानेवारी 2025 पर्यंत शबरीमलाच्या भाविकांना तेवढी खास सवलत सरकारनं दिली होती. खास सवलत द्यावी लागली, यावरूनच नियम काय आहे ते कळतं. तर मैत्रिणींनो, देवीचा नारळ घरच्या देवापुढं ठेवा. सोबत न्यायला कुंकू, खण आणि पेढ्याचा प्रसाद पुरतो. देवी रागावत नाही.

पातळ पदार्थ. तूप, काकवी, मध, श्रीखंड, तेलाचं लोणचं. परदेशी जाणाऱ्या विमानात हातातल्या पिशवीत पातळ वस्तू 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. 2006 साली लंडनमध्ये पातळ स्फोटकं शीतपेयाच्या बाटल्यांतून विमानात न्यायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हा नियम जगभर लागला. ओळखायची खूण आम्ही अशी ठरवली आहे. जे सांडतं, ओघळतं किंवा चमच्यानं फासता येतं, ते सगळं पातळ समजायचं. देशातल्या प्रवासातही असं काही असेल तर मोठ्या बॅगेत. झाकणाला चिकटपट्टी, वरून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मग जुन्या लुगड्यात गुंडाळून. नाहीतर उतरल्यावर साड्यांना फोडणी दिलेली असते.

गूळ आणि लाडू. हे चालतात. आपल्या कोल्हापुरी गुळाला तर 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, अभिमानानं न्या. पण पिशवी उघडायला लागेल अशी तयारी ठेवा. तपासणीच्या यंत्रात अन्न नारिंगी रंगाचं दिसतं आणि धातू निळा. आता गुळाची ढेप, बर्फीची वडी, दाबून भरलेले लाडू, हे घट्ट नारिंगी गोळे दिसतात, आणि स्फोटकंही साधारण तशीच दिसतात. त्यात आपण ते स्टीलच्या डब्यात भरले, तर आतलं धड दिसतही नाही. मग बाई पिशवी उघडणारच. म्हणून विमानाला स्टीलचा डबा नको. पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, आणि तो पिशवीत सगळ्यांत वर ठेवा.

आणि आम्ही शिकलो ती सगळ्यांत उपयोगी गोष्ट. सोडायला आलेल्या माणसाला तपासणी होईपर्यंत बाहेर थांबवा. काही अडलंच तर फोन करून त्याला विचारता येतं, वस्तू परत घरी जाते. फुकट जात नाही.

हाताशी काय ठेवायचं

भडंग, चिवडा, शंकरपाळी, चकली, चिक्की, दशमी, धपाटं, भाकरी, हे सगळं हातातल्या पिशवीतून जातं. बाहेर विमानतळावर चहा-नाश्ता घ्यायचा तर आपल्या आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात, तेव्हा घरचं नेलेलं बरं. फक्त बंद जागेत लसणाचा, सुक्या मासळीचा वास कोंडतो, तेवढं भान ठेवा. शेजारच्या पोराला शेंगदाण्याची चिक्की द्यायची तर आधी त्याच्या आईला विचारा. काही मुलांना शेंगदाणा बाधतो.

पुड्या गच्च फुगवून बांधू नका. विमान वर गेलं की आतली हवा विरळ होते. आपलं कळसूबाईचं शिखर 1646 मीटर आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच. विमानातली हवा साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असते तशी ठेवलेली असते. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर असतो. त्यामुळं बंद पुडा टम्म फुगतो, आणि वरच्या हवेत मीठ-साखरेची चवही कमी लागते. आपला चिवडा विमानात अळणी लागला तर सुनेला नावं ठेवू नका.

आता गोळ्या. लिमलेटच्या, चिंचेच्या, संत्र्याच्या, कुठल्याही. विमानात गोळी ही चैन नाही, औषधासारखी आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागापासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की ती उघडून कानातला दाब सारखा करते. विमान खाली उतरताना ही नळी चटकन उघडली नाही तर कान दुखतात, गच्च होतात. गिळलं, चघळलं, जांभई दिली की नळी उघडते. म्हणून गोळी विमान चढताना एक आणि उतरायला लागल्यावर एक. उतरताना जास्त गरज असते, त्यामुळं पोरं झोपली असतील तर उठवा.

पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळी देऊ नका. घशात अडकली तर जिवावर बेततं. त्याला घोट घोट पाणी, मऊ चिक्कूची फोड, नाहीतर बिस्किट द्या. अंगावर पिणारं बाळ असेल तर विमान उतरताना पाजा, त्याचे कान आपोआप मोकळे होतात. साखरेचा आजार असणाऱ्यांनी चार खडीसाखरेचे खडे किंवा गुळाचा तुकडा खिशात ठेवावा, आणि इन्सुलिन मोठ्या बॅगेत न घालता हातातल्या पिशवीत डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवावं.

आता जे सांगायचंच आहे ते

इथवर जे सांगितलं त्यात फार तर चटणी गेली असती. आता जे सांगतो त्यात माणूस जाऊ शकतो. म्हणून हातातलं काम ठेवून ऐका.

दिवाळीच्या आधी आमच्या गटाकडं फराळाच्या ऑर्डरी येतात. मागच्या एका वर्षी कागलकडच्या एका आईनं दुबईच्या मुलासाठी फराळ सांगितला. अनारसे, करंज्या, लाडू आणि सोबत अर्धा किलो कांदा-लसूण मसाला. आम्ही मन लावून केलं. अनारशावर खसखस दाट लावली, करंजीच्या सारणात भाजून घातली. डबे बांधून तयार झाले. ते न्यायला तिचा भाचा आला, तो आखातात नोकरी करून सुटीवर आलेला. त्यानं अनारसे बघितले आणि खालीच बसला. म्हणाला, "आक्का, यात खसखस आहे? हे तिकडं न्यायचं म्हणजे मला तुरुंगात घालायचं."

आम्हाला खरंच माहीत नव्हतं. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. आपल्याकडं तो मसाला आहे, बाळंतिणीच्या खिरीत घालतो, दुकानात उघड मिळतो. पण अफूचा अंश त्याला लागलेला असू शकतो, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीत, खसखस नेणं हा गुन्हा आहे. सौदी अरेबियात आणि सिंगापूरलाही ती चालत नाही. तिथला कायदा तिला मसाला मानत नाही. आईनं प्रेमानं दिली होती, आम्हाला ठाऊक नव्हतं, हे कुणी ऐकून घेईल याची खात्री नाही.

त्या रात्री आम्ही सगळे डबे उघडले. अनारसे आणि करंज्या वाटून टाकल्या. मसाल्यातही खसखस होती, तोही काढला. पहाटेपर्यंत बसून बेसनाचे लाडू, चकल्या आणि शेव केली. पैसे वाया गेले, पण ते पैसे कुणी मोजले नाहीत. आमच्या मनात एकच येत होतं, भाचा चार दिवस आधी परत गेला असता आणि डबा दुसऱ्या कुणाच्या हाती दिला असता तर?

दूध-तुपाच्या मिठाईचंही असंच, फक्त तिथं कारण जनावरांच्या रोगाचं आहे. लाळ्या-खुरकूतसारखा रोग दुधातून, मांसातून आपल्या देशात येऊ नये म्हणून काही देश फार जपतात. ज्यांच्या गोठ्यात तो रोग येऊन गेला आहे, त्यांना ते का जपतात हे कळेल. ऑस्ट्रेलियात बर्फी, पेढे, गुलाबजाम, रसमलाई असली दुधाची मिठाई प्रवाशाला नेता येत नाही. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. अशा देशांत उतरताना एक अर्ज भरावा लागतो किंवा अधिकाऱ्याला सांगावं लागतं की माझ्याजवळ खाण्याच्या वस्तू आहेत. मुलांना सांगून ठेवा, लपवायचं नाही. खरं लिहून दिलं तर फार तर डबा जातो. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो. न्यूझीलंडमध्ये तो जागच्या जागी 400 डॉलर आहे. आणि पोरांसाठी च्युइंगम घेतलं असेल तर ध्यानात ठेवा, सिंगापूरमध्ये 1992 पासून ते आणायला बंदी आहे.

दुसऱ्याचा डबा

शेवटची गोष्ट जरा जड आहे. "तू दुबईला चाललीसच, तर एवढा डबा आमच्या पोराला दे." हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक जण ऐकतो, आणि नाही म्हणणं आपल्या रीतीत बसत नाही.

2019 मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला फिरायला गेलं. एका नातेवाईक बाईनं सोबत एक पाकीट दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्या पाकिटात चार किलोहून जास्त चरस निघालं. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ती पोर गरोदर होती, तुरुंगातच बाळंत झाली. पुढं चौकशी झाली, निर्दोष ठरून 2021 मध्ये ती परत आली. पण तोवर पावणेदोन वर्षं गेली होती, परक्या मुलखातल्या तुरुंगात.

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय. आपल्या हातानं भरला नाही तो डबा न्यायचा नाही. न्यावाच लागला तर देणाऱ्यासमोर उघडायचा, एकेक पदार्थ दुसऱ्या डब्यात काढून बघायचा. यात कुणाचा अपमान नाही. आणि आपण जेव्हा दुसऱ्याच्या हाती डबा देतो, तेव्हा तो न बांधता, उघडाच न्यायचा. "बघून घे बाई," असं आपणच म्हणायचं. म्हणजे समोरच्याला संकोच राहत नाही.

ज्या गटांचा फराळाचा धंदा आहे त्यांना आणखी एक सांगतो. ऑर्डर घेताना आता आम्ही पहिला प्रश्न विचारतो, डबा कुठं जाणार? परदेशी जाणार असेल तर खसखस नाही, सुकं खोबरं नाही, आणि कुठला देश ते विचारून दूध-तुपाचं ठरवायचं. प्रत्येक पुड्यावर काय काय घातलंय ते आणि केल्याची तारीख मराठीत आणि इंग्रजीत लिहितो. गटातल्या एकीची बारावीतली लेक ते इंग्रजी लिहून देते. त्या देशाचे नियम बदलतात, म्हणून नेणाऱ्यानं विमान कंपनीकडं आणि त्या देशाच्या सरकारी माहितीत एकदा बघून घ्यावं, असंही आम्ही सांगतो. खसखशीचे अनारसे आम्ही अजून करतो. ते घरच्यांसाठी, वेगळ्या दिवशी, वेगळ्या परातीत.

आमच्या काकी यंदा पुन्हा विमानानं गेल्या, लेकीकडं बेंगळुरूला. चटणी मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत बांधून. हातात भडंगाचा पुडा आणि पदराच्या गाठीला लिमलेटच्या गोळ्या. पुतण्याला बाहेर थांबवलं होतं, पण गरज पडली नाही. उतरल्यावर पहिला फोन आम्हाला केला. म्हणाल्या, "चटणी पोचली गं."

तुमच्या घरातून कुणी विमानानं निघालं असेल, कुणाचा डबा परदेशी जायचा असेल, तर बांधायच्या आधी हे आजचं बोलणं एकदा आठवा, आणि शेजारणीलाही सांगा. पुढच्या आठवड्यात याच वेळी परत भेटू. तोवर नमस्कार.